तीन हजारांच्या गावात सोरायसिसचे ११ जण : जास्त की कमी?

प्रश्न असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं साधारण तीन हजार वस्तीचं गाव. तिथल्या एका ग्रामपंचायत सदस्याने घरोघरी विचारून यादी केली, तर सोरायसिसचे ११ जण निघाले. त्यातले चार एकाच भावकीतले. गावात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणतं द्राक्षबागेच्या फवारणीमुळे, कुणी म्हणतं बोअरच्या पाण्यामुळे. त्यांनी विचारलंय, "एवढ्या लोकांना हा आजार असतो का, की आमच्याच गावात काही बिघडलंय? एकाचा दुसऱ्याला लागतो का? आरोग्य खात्याकडे तक्रार करावी का?"

लागण्याचा प्रश्न आधी मिटवतो, कारण त्यावर दोन मतं नाहीत. सोरायसिस लागत नाही. एका ताटात जेवून लागत नाही, एका पांघरुणात झोपून लागत नाही, एका न्हाव्याकडे दाढी करून लागत नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच कातडीवर उलटते. ज्या पेशी खालून वर यायला महिनाभर घेतात त्या चार-पाच दिवसांत वर येतात, त्यामुळे लाल चट्ट्यावर चांदीसारखे खवले साचतात. यात जंतूच नाही, तेव्हा 'साथ आली' असं कुणी म्हणत असेल तर ते तिथल्या तिथे थांबवा.

आता आकडा. तीन हजारांत ११ म्हणजे शेकडा ०.३७. हे जास्त नाही. उलट मी म्हणेन, तुमच्या गावात अजून काही जण आहेत आणि ते तुमच्या यादीत आलेले नाहीत. असं का म्हणतो, ते नीट सांगावं लागेल, कारण या आजाराचे आकडे वाचताना शिकलेली माणसंही गोंधळतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सोरायसिसवर एक अहवाल काढला. त्यात देशोदेशीचं प्रमाण शेकडा ०.०९ पासून ११.४ पर्यंत दिलंय. म्हणजे एका टोकाला हजारात एकही नाही आणि दुसऱ्या टोकाला नवव्या माणसाला आजार. एवढा फरक माणसांच्या कातडीत नसतो. त्यातला बराचसा फरक मोजणाऱ्याच्या प्रश्नात असतो. ते ११.४ नॉर्वेतल्या ट्रॉम्सो या गावचं आहे. तिथे लोकांना विचारलं होतं की तुम्हाला आयुष्यात कधी सोरायसिस झालाय का, आणि लोकांनी जे सांगितलं ते धरलं. त्याच गावात १९७९-८० मध्ये असंच विचारलं तेव्हा ४.८ आलं होतं. आता फेरो बेटं बघा, तीही उत्तरेकडचीच. तिथे लोमहोल्ट नावाच्या डॉक्टरने लोकांची कातडी प्रत्यक्ष तपासली आणि १९६३ साली प्रमाण छापलं, शेकडा २.८. एकीकडे 'कधी झालाय का' आणि दुसरीकडे 'आत्ता दाखवा'. हे दोन आकडे एका तक्त्यात शेजारी लिहिले की वाचणाऱ्याची फसगत ठरलेली.

खरे फरकही आहेत, ते नाकारत नाही. २०२० साली जगभरचे अभ्यास एकत्र करून जो अंदाज काढला, त्यात प्रौढांमधलं प्रमाण पूर्व आशियात ०.१४ तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या पट्ट्यात १.९९ आलं. अमेरिकेत वीस वर्षांवरच्या लोकांत ते तीनच्या घरात आहे. दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी २६ हजार जण तपासले, त्यात एकही सापडला नाही, हा १९६२ सालचा दाखला आम्हाला अजून शिकवला जातो. अंगात कोणती जनुकं आहेत, ऊन किती लागतं, वय किती, या सगळ्याचा हात त्यात आहे. पण त्याच २०२० च्या कामातून दुसरी एक गोष्ट पुढे आली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. जगातल्या ८१ टक्के देशांकडे या आजाराची लोकसंख्येतली मोजणीच नव्हती.

आपल्याकडे सगळ्यात जास्त सांगितले जाणारे आकडे म्हणजे ०.४४ ते २.८ टक्के. वर्तमानपत्रातल्या लेखात ते 'भारतात सोरायसिसचं प्रमाण' म्हणून येतात. यातले बहुतेक आकडे दवाखान्यातले आहेत. दिब्रुगढ, कोलकाता, पाटणा, दरभंगा, लखनौ, दिल्ली, अमृतसर इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग ओपीडीत आलेल्या शंभर रुग्णांपैकी सोरायसिसचे किती, हा हिशेब होता, आणि सगळे मिळून तो शेकडा १.०२ आला. भागाकारात खाली गाव नाही, ओपीडी आहे. मिरजेला त्वचारोग ओपीडीत बसणाऱ्या कुणालाही विचारा. पावसाळ्यात नायट्याची गर्दी वाढली की सोरायसिसचे रुग्ण तेवढेच राहूनही त्यांची टक्केवारी खाली येते. कृष्णेला पूर आला त्या २०१९ आणि २०२१ साली ओल्या कपड्यांत आणि चिखलात वावरलेल्यांचे पाय, जांघा, बोटांच्या बेचक्या खराब झाल्या आणि ओपीडीत तेच लोक भरले. त्या आठवड्यांत सोरायसिसची टक्केवारी काढली असती तर आजार पळून गेला असं वाटलं असतं.

म्हणून मी गावासाठी हिशेब करताना अर्धा ते एक टक्का धरतो. हा माझा सावध अंदाज आहे, कुणी नेमून दिलेलं माप नाही. त्या हिशेबाने तीन हजारांत १५ ते ३० जण हवेत. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८,२२,१४३ होती. तोच हिशेब लावला तर जिल्ह्यात १४ हजार ते २८ हजार माणसं होतात. सातारा जिल्हा तेव्हा ३०,०३,७४१ होता, म्हणजे तिथे थोडी जास्तच. आणि समजा १५ हाच खरा सरासरी आकडा असला, तरी नुसत्या योगायोगाने एका गावात आठ आणि शेजारच्या गावात २२ निघू शकतात. लहान वस्तीत आकडा असा हलतोच. त्यामुळे शेजारच्या गावात पाच आणि आमच्याकडे ११, अशी तुलना करून काही हाती लागणार नाही.

याच्याशेजारी कुष्ठरोग ठेवून बघा. २००५ च्या डिसेंबरात देशाचं कुष्ठरोगाचं प्रमाण दर दहा हजारी एकाच्या खाली आलं. तरीही त्याच्यासाठी शोध मोहीम असते, आशाताई घरोघरी येतात, संशयितांची नोंद होते. मिरजेत रिचर्डसन रुग्णालयासारखी त्या आजारासाठी उभी राहिलेली जुनी संस्था आहे. ते योग्यच आहे. तो संसर्गाचा आजार, वेळेत सापडला नाही तर हातापायाला व्यंग येतं. पण माझ्याच अंदाजाने सोरायसिस दर दहा हजारी ५० ते १०० जणांना असेल, आणि त्याच्यासाठी जनगणनेत रकाना नाही, की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मधुमेह, रक्तदाब, थायरॉईडच्या जोडीला एक प्रश्नही नाही. २०१४ साली जागतिक आरोग्य सभेत ठराव करून या आजाराला गंभीर असंसर्गजन्य आजार म्हटलं गेलं. ठरावाने आशाताईंच्या वहीत ओळ वाढली नाही. चट्ट्याची संवेदना गेलेली नाही, कुष्ठरोग नाही, एवढं ठरलं की बाईला घरी पाठवतात आणि तिचं पुढे काय झालं ते कुठेच लिहिलेलं राहत नाही.

बाईचं उदाहरण मुद्दाम दिलं. तुमच्या ११ मध्ये बायका किती, ते लिहिलेलं नाही, पण माझी पैज आहे, दोन-तीनपेक्षा जास्त नसतील. भारतातल्या दवाखान्यांच्या नोंदींत पुरुष बायकांच्या जवळजवळ दुप्पट दिसतात. बाहेरच्या देशांत जिथे घराघरांत जाऊन मोजलं तिथे दोघांचं प्रमाण साधारण सारखं येतं. आपल्या बायकांची कातडी वेगळी आहे असं मला वाटत नाही. त्या येत नाहीत, एवढंच. डोक्यातले खवले पदराखाली जातात आणि 'कोंडा' म्हणून लिंबू चोळलं जातं. गुडघे, नडग्या लुगड्याखाली. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर घरचेच यादीत नाव घालू देत नाहीत, आणि झालेलं असेल तर सासरचे विचारतील म्हणून ती स्वतः सांगत नाही. ग्रामपंचायत सदस्याने ओट्यावर उभं राहून "घरात कुणाला सोरायसिस आहे का" असं विचारलं, तर आतून 'नाही' असंच उत्तर येणार. तुम्ही विचारलंत हे चांगलंच केलंत, पण बायकांचं उत्तर आशाताईंनी आत जाऊन विचारल्याशिवाय मिळणार नाही.

तपासताना आम्ही कुठे बघतो ते सांगतो, म्हणजे नुसतं विचारणं आणि बघणं यातला फरक कळेल. आधी कोपर आणि गुडघे. मग कानामागची कातडी आणि केसांची कड, तिथे खवल्यांची रेघ कपाळावर किंचित उतरलेली असते. मग बेंबी. मग कंबर. पुरुषांचा करदोडा आणि बायकांच्या परकराची नाडी जिथे रोज घासते, नेमक्या त्या रेषेवर कितीदा तरी चट्टा उठलेला दिसतो, कारण हा आजार असलेल्या कातडीला जिथे इजा होते तिथे नवा चट्टा उमटतो. सांगलीच्या हळद बाजारात पोती वाहणाऱ्या एका हमालाच्या एकाच खांद्यावर, पोतं टेकतं तेवढ्या भागात, जाड खवलेदार पट्टा होता. तो त्याला घट्टा समजत होता. सगळ्यात शेवटी नखं. बोटं उजेडात तिरपी धरली की सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात, कधी नखाखाली तेलाचा डाग पडल्यासारखा पिवळसर ठिपका. कातडीवर फारसं काही नसताना ही नखं बोलतात. अमेरिकेत पाहणीत लोकांचे फोटो तपासले तेव्हाही निदान न झालेले बरेच निघाले होते.

हंगामही लक्षात घ्या. आपल्याकडे बऱ्याच जणांचा सोरायसिस थंडीत वाढतो. डिसेंबर-जानेवारीत आटपाडी, जत, माण, खटाव या कोरड्या पट्ट्यात वारा सुटला की ओपीडीत तो ठळक दिसतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात पुष्कळांचा दबतो. तुम्ही यादी उन्हाळ्यात केली असेल तर दबलेले लोक "बरा झाला" म्हणून सुटले असतील. आणि विटा-खानापूरकडच्या एखाद्या गावात मोजायचं तर आणखी एक अडचण. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला गेलेली घरंच्या घरं केरळात, तमिळनाडूत, उत्तरेत. ती जत्रेला येतात. लोकसंख्येत धरायची की नाही, हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर भागाकारातला वरचा आकडा गावातला आणि खालचा रेशनकार्डावरचा.

आता उलटी बाजू. तुमच्या ११ पैकी काही जणांना सोरायसिस नसेलही. गावाकडे खवलेदार चट्ट्याला गजकर्ण, नायटा, इसब यातलं जे तोंडात येईल ते म्हणतात, आणि हल्ली मोबाईलवर बघून 'सोरायसिस' म्हणतात. सगळ्यात मोठी गल्लत नायट्याशी होते. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर नायटा हट्टी झालाय, नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. त्यात मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉईड मिसळलेलं क्रीम चोळलं की चार दिवस खाज थांबते आणि चट्टा पसरत जातो, कडा पुसट होतात, कधी दुहेरी होतात. असा नायटा नुसत्या नजरेने ओळखणं आम्हालाही कठीण जातं. मग कडेचा पापुद्रा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. हा मात्र एकाचा दुसऱ्याला लागतो. एका घरात चार जणांना एकाच वर्षात चट्टे आले असतील तर मला आधी नायट्याचा आणि खरजेचा संशय येतो.

तुमच्या भावकीतल्या चौघांचं तसं आहे का, ते वयावरून कळेल. आजोबांना तिशीत, काकांना पंचविशीत, पुतण्याला विशीत असं सुरू झालं असेल तर तो सोरायसिसच असण्याची शक्यता मोठी. या आजाराची ओढ रक्तातून येते. एचएलए-सीडब्ल्यू६ नावाचं जनुकांचं रूप त्यात सगळ्यात प्रसिद्ध, पण तसे अनेक धागे आहेत. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण १४ टक्के, दोघांना असेल तर ४० च्या आसपास असा जुना आणि अजून वापरला जाणारा अंदाज आहे. म्हणजे एकालाच असेल तर सातातली सहा मुलं सुटतात, हे लग्नाच्या बोलणीत कुणी सांगत नाही. एकसारख्या जुळ्यांतही एकाला असताना दुसरा कित्येकदा मोकळा राहतो. तेव्हा रक्तात ओढ असली तरी ठिणगी बाहेरून पडते. घशाचा संसर्ग, दारू, तंबाखू, वाढलेलं वजन, मनावरचा ताण, रक्तदाबाच्या काही गोळ्या, मनाच्या आजारावरचं लिथियम, हिवतापाचं क्लोरोक्विन.

फवारणीचं म्हणाल, तर द्राक्षाच्या औषधांनी कातडीला त्रास होतो, यात शंका नाही. तो बहुतेक वेळा संपर्काचा इसब असतो. हात, मनगट, चेहरा, पापण्या, मानेच्या घड्या, म्हणजे जिथे फवारा बसतो तिथे येतो, फवारणीच्या दिवसांत वाढतो आणि बाग सोडली की उतरतो. गाजर गवताचंही असंच. पन्नासच्या दशकात पुण्याकडे आधी दिसलेलं हे गवत आता प्रत्येक बांधावर आहे, त्याचा वाऱ्याने उडणारा अंश पापण्या आणि मान सुजवतो. कोपरावर, डोक्यात, नखांत त्याचा माग नसतो. पाण्यावरचा संशय मला त्याहून कच्चा वाटतो. पाण्यातल्या आर्सेनिकने तळहात-तळपायांवर जाड खडे उठतात, बंगालच्या काही भागांत तो फार मोठा प्रश्न आहे. तो आजारही वेगळा, दिसतोही वेगळा. पाणी तपासून घ्यायचं तर जरूर घ्या, नायट्रेट आणि क्षारांसाठी तरी घ्याच. पण सोरायसिसचं कारण तिथे सापडेल अशी आशा धरू नका.

"पूर्वी एवढं नव्हतं हो," असं म्हातारी माणसं सांगतात, ते खोटं नाही. ब्रिटनमध्ये १९९९ साली हा आजार शेकडा २.३ लोकांना होता, २०१३ ला २.८ झाला. गंमत अशी, की त्याच काळात नव्याने होणारे रुग्ण कमीच झाले. हौदात येणारी धार बारीक असली तरी खालची मोरी बंद असेल तर पाणी चढतच जातं. सोरायसिस विशीत सुरू होतो, नाहीतर पन्नाशीनंतर, आणि मग जन्मभराची सोबत धरतो. माणसं जास्त जगू लागली, म्हणून एका वेळी मोजले तर जास्त सापडतात. त्यात आता डॉक्टर गाठणं सोपं झालंय, पूर्वी जे इसब म्हणून झाकलं जायचं त्याला नाव मिळतंय.

तेव्हा तक्रार करू नका, मागणी करा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्वचारोग तपासणीचं शिबिर मागा. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून त्वचारोगाचे डॉक्टर मिळाले तर उत्तम. शिबिर जानेवारीत ठेवा. जागा उजेडाची हवी, बायकांसाठी वेगळी खोली हवी आणि त्यांना बोलवायला आशाताई हव्यात. नावांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर किंवा गावच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाता कामा नये.

तोवर तुमच्या ११ जणांना तीन गोष्टी विचारून ठेवा. सकाळी उठल्यावर बोटं, टाचा किंवा कंबर अर्ध्या तासाहून जास्त आखडते का? सोरायसिसवाल्यांपैकी काहींचे सांधे धरतात, आणि उशीर झाला तर बोटं वाकडी होतात. ज्याचं उत्तर 'हो' येईल त्याला शिबिराची वाट बघायला लावू नका, याच आठवड्यात पाठवा. दुसरं, साखर, रक्तदाब आणि वजन कधी बघितलं होतं? तिसरं, कुणी पुड्या, 'जडीबुटीच्या' गोळ्या किंवा महिन्याला इंजेक्शन घेतंय का? त्यात स्टेरॉईड असेल तर चट्टे झटक्यात जातात आणि औषध थांबलं की अंगभर पू भरलेल्या पुळ्या घेऊन परततात. म्हणून अशांनी मनाने एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना दाखवावं. आणि कुणाकडे सोरायसिसवर दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्झेट या गोळीची चिठ्ठी असेल तर ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. कोणता वार ठरलाय ते घरातल्या आणखी एकाला माहीत असू द्या. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत.